बिडाच्या तीन जाळ्या

रविवार, २ फेब्रुवारी

सकाळी मागच्या अंगणातल्या शेगडीवरची ताडपत्री ओढून काढली. उन्हानं पार जळली होती, तुकड्यातुकड्यानं हातात आली. खालची अवस्था पाहून लाज वाटली. माझ्या घरात एखादी वस्तू या थराला जाते म्हणजे काय.

भुंगा तिला बार्बेक्यू म्हणायची. मी शेगडी म्हणते. गॅसवर चालते, चाकांवर उभी असते, वर झाकण आहे, झाली शेगडी. भुंगा म्हणजे माझी लेक. लहानपणी काहीही करताना गुणगुणायची म्हणून तिच्या वडिलांनी ते नाव ठेवलं आणि तेच चिकटलं. गेल्याच्या गेल्या वर्षी ती गेली. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली. सकाळी दात घासताना पडली आणि दुपारपर्यंत सगळं आटोपलं. दर रविवारी ती या शेगडीवर काहीतरी भाजायची. त्यानंतर मी झाकण उघडलेलं नाही.

शेगडी आज का काढली तेही लिहून ठेवते. जावई सलग तिसऱ्या रविवारी म्हणाला, "आई, आज मी बाहेर जेवेन." माणूस सुट्टीच्या दिवशी घरी जेवत नाही, म्हणजे घरच्या जेवणात राम राहिलेला नाही. माझा स्वयंपाक म्हणजे औषधाचा डोस, असं भुंगाच म्हणायची, तेव्हा मला वाईट वाटून घेण्याचं कारण नाही. शेगडी चालू झाली की रविवार चालू होईल. साधा हिशेब आहे.

जावई वरच्या दोन खोल्यांत राहतो. लग्न झालं तेव्हा माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं म्हणून दोघं इथे आली आणि इथलीच झाली. ती गेल्यावर तो जाईल असं पुष्कळांना वाटलं होतं. गेला नाही. जाणार कुठे? आईवडील लहानपणीच गेले, मामांनी वाढवला, आता मामाही नाहीत. त्याला माझ्याशिवाय आहे कोण. आणि हे घर एका माणसाचं नाही, हेही खरं.

आवाज ऐकून तो खाली आला.

"आई, राहू द्या ना ते."

"राहू द्या म्हणजे? गंजू द्या?"

"तसं नाही. मला तुमच्याशी जरा बोलायचं होतं."

"बोला. पण आधी ते टोक धरा."

त्यानं टोक धरलं. झाकण उचललं तर आत गांधीलमाश्यांचं पोळं, सुदैवानं रिकामं. ते काढेपर्यंत अकरा वाजले आणि तो आंघोळीला गेला. बोलायचं राहूनच गेलं. बहुतेक वरच्या न्हाणीघरातल्या गळतीबद्दल असेल.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

शेगडी संपूर्ण उघडली. आत तीन बर्नर आहेत, लांब नळ्यांसारखे. तिन्ही नळ्यांत कोळ्यांनी जाळी विणून ठेवली आहे. अशानं गॅस अडतो आणि ज्योत पिवळी होते किंवा मागे फिरते. बाटली घासायच्या ब्रशनं साफ केल्या. रबरी नळीला चिरा पडल्या आहेत, ती नवीनच आणावी लागेल. झाकणाचा रंग फुगून उडाला आहे. खालची तेल गळायची ताटली सडून गेली.

हे काम मला जमण्यासारखं आहे. मी बीएस्सी झाले आणि रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत निवृत्तीपर्यंत होते. गंज हा माझा जुना वैरी आहे. त्याच्याशी कसं वागायचं ते मला कुणी शिकवायला नको.

शेजारीण कुंपणावरून डोकावली. तिला मी मनात रेडिओ म्हणते. बंद होत नाही आणि बातम्या सगळ्या असतात.

"हे काय, भंगाराचं दुकान टाकलंत?"

"हो. तुमच्याकडे काही असलं तर आणून द्या."

"आमचे हे आहेत, न्या." मग जरा आवाज उतरवून म्हणाली, "जावई खूश दिसतो हल्ली."

"केस कापलेत म्हणून तसा दिसतो."

"केस कुणासाठी कापले ते विचारलंत का?"

"न्हाव्यासाठी," मी म्हटलं आणि ब्रश चालू केला.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आज जावयाला सुट्टी. सकाळभर दोघांनी मिळून काम केलं. स्क्रू इतके धरले होते की दोन वेळा तेल सोडून थांबावं लागलं. त्याचा हात चांगला आहे. घाई करत नाही, धुसफूस करत नाही. चाकं, खालचा सांगाडा, बाजूची लाकडी फळी, सगळं सुटं करून अंगणात मांडलं.

एक नवल आहे. सगळं गंजलं आहे, पण जाळ्यांना गंज नाही. तीन जाळ्या आहेत, बिडाच्या, जड. काळ्याकुट्ट, पण गंजाचा ठिपका नाही. बीड चांगल्या प्रतीचं असावं.

मी त्यातली एक उचलली तर तो म्हणाला, "जाळ्यांचं मी बघतो, आई. त्यांना—"

"तुम्ही चाकं बघा. एक चाक फिरत नाहीये."

त्यानं चाक बघितलं. मग चहा झाला. चहा घेताना म्हणाला, "आई, तुम्हाला हे घर एकटीला मोठं नाही का वाटत?"

मी म्हटलं, "एकटी कुठे आहे मी?"

त्यानं कप खाली ठेवला आणि उगीच चाक फिरवत बसला. चाक तोवर व्यवस्थित फिरायला लागलं होतं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

संध्याकाळी जावयाचा फोन ओट्यावर राहिला आणि तो वर होता. वाजत राहिला म्हणून मी उचलला. एक बाई होती. आवाज मऊ, पण बोलणं नेमकं. तिनं विचारलं, "ते आहेत का?" मी कोण ते सांगितल्यावर थोडी गडबडली. म्हणाली, "शनिवारी घर बघायला जायचं आहे, दहा वाजता, एवढंच सांगाल का?"

त्याला निरोप दिला. त्याचा चेहरा लाल झाला.

"कामावरची आहे का?" मी विचारलं.

"कामावरची नाही. ओळखीची आहे."

"एकटी आहे?"

"हो. म्हणजे, आत्ता."

एकट्या बाईनं घर शोधायचं म्हणजे सोपं नाही. दलाल फसवतात. हा सोबत जातोय ते बरंच आहे, स्वभावच परोपकारी. मी म्हटलं, "सगळे नळ एकदम सोडून पाण्याचा दाब बघायला सांगा तिला. आणि निजायची खोली पश्चिमेला नको, संध्याकाळी भट्टी होते."

"आई," तो म्हणाला.

"काय?"

"काही नाही. सांगतो."

जेवताना दोन घासांतच उठला. त्याचं पोट बरं नसतं हल्ली.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आजचा दिवस सत्कारणी लागला. जावई त्या बाईबरोबर घर बघायला गेला, मी जाळ्या घेतल्या.

काळा थर किती जाड होता. कापडानं निघेना, तारेच्या ब्रशला दाद देईना. कारखान्यात आमचा पहिला नियम होता: कोणत्याही धातूवर काही करायचं तर आधी त्याला उघडा करा. प्लॅस्टिकच्या मोठ्या टबात कॉस्टिक सोड्याचं पाणी केलं, हातमोजे आणि चष्मा घालून दोन जाळ्या बुडवल्या. टबात दोनच मावल्या, तिसरी उद्यावर ठेवली. दुपारनंतर थर सुटायला लागला. रंगाचा पापुद्रा सुटावा तसा चकत्याचकत्यांनी. पाणी डांबरासारखं काळं. किती वर्षांचा मळ होता कोण जाणे. भुंगाला साफसफाईचा आळसच होता.

खाली निघालं ते स्वच्छ, करडं, कोरं बीड. नव्या भांड्यासारखं. जाळ्या धुतल्या आणि भिंतीला टेकवून वाळत ठेवल्या. पाठ मोडून निघाली, पण समाधान आहे. त्याला उद्या दाखवेन.

रविवार, १६ फेब्रुवारी

जाळ्या नारिंगी झाल्या आहेत.

सकाळी दार उघडलं तर दोन्हींवर एकसारखा ताजा गंज. बोट लावलं तर पूड बोटाला. मी बघत उभी असताना जावई मागून आला. त्यानं एक जाळी उचलली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"सोड्यात घातल्यात?"

"हो. फार मळ होता."

"तो मळ नव्हता, आई."

रागानं म्हणाला असता तर मी उत्तर दिलं असतं. तो रागानं म्हणाला नाही. पायरीवर बसून सांगितलं. प्रत्येक रविवारी भाजून झालं की भुंगा गरम जाळीवर तेल फिरवायची. काट्याला अर्धा कांदा टोचून, तेलात बुडवून, हळूहळू. पहिल्या वर्षी अन्न चिकटायचं, सगळं फाटून यायचं. मग थर चढत गेला. ती त्याला कधी जाळी पुसू द्यायची नाही. आठ वर्षांचा थर होता तो.

"आणि ती गेल्यावर मी करत होतो," तो म्हणाला. "महिन्यातून एकदा, ताडपत्री वर करून. तुम्ही दुपारी झोपलेल्या असायचात. गंज धरू नये म्हणून." मग म्हणाला, "मध्यंतरी थांबलो."

मग त्यानं तिसरी जाळी, काळी, आत नेऊन स्वयंपाकघरात कोरड्या जागी ठेवली आणि बाहेर गेला. दुपारी जेवायला आला नाही.

बिडाच्या तव्याला साबण लावू नये, हे शाळेतल्या पोरीलाही ठाऊक असतं. मलाही आहे. पण तवा स्वयंपाकघरात असतो. ही वस्तू मी यंत्र म्हणून हातात घेतली, आणि यंत्राकडे मी कारखान्याच्याच नजरेनं बघते. त्यातही हसण्यासारखी गोष्ट अशी की तेल तापवलं की घट्ट होऊन त्याचा कडक पापुद्रा बनतो, आणि तो धातूला हवेपासून जपतो, हेच तर आम्ही बनवत होतो. जवसाच्या तेलाचे रंग दुसरं काय असतात? पापुद्र्याची जाडी मोजण्यात माझा जन्म गेला. काल तोच पापुद्रा हातमोज्यात धरून मी त्याला मळ म्हटलं.

टबातलं काळं पाणी मोरीत ओतून दिलं. त्यात ती होती वगैरे लिहिणं म्हणजे भावविवशता. काळं पाणी होतं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

काही केलं नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

वाचनालयातून बिडाबद्दल एक पुस्तक आणलं. गंज घासून काढायचा, धुऊन लगेच विस्तवावर वाळवायचं, तेलाचा पातळ हात द्यायचा, तापवायचं. पुन्हा हात, पुन्हा तापवायचं. जाड लावलं की चिकट होतं. यात मला नवीन काही नाही. पुस्तक आणायला नको होतं.

जावयाशी तीन दिवसांत कामापुरतं बोलणं. तो नेहमीसारखाच वागतो. मलाच काय बोलावं ते सुचत नाही. ही सवय मला नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी

जावई आज बाहेर गेला नाही. सकाळी येऊन माझ्याशेजारी पायरीवर बसला, एक नारिंगी जाळी मांडीवर घेतली आणि तारेच्या गुंडीनं घासायला लागला. दुसरी माझ्या मांडीवर. बराच वेळ नुसता खरखर आवाज.

मग तो म्हणाला, "आई, ते घर बघत होतो ना, ते माझ्यासाठीच. म्हणजे आमच्यासाठी."

मी घासत राहिले.

"आम्ही लग्न करतोय. एप्रिलमध्ये. नोंदणी पद्धतीनं, चार माणसांत. घर पंधरा मार्चपासून मिळतंय."

"फोनवर होती तीच?"

"हो. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. तिचाही संसार आधी मोडलेला आहे."

"आवाज समजूतदार वाटला."

"आहे समजूतदार."

"पाण्याचा दाब बघितलात?"

"बघितला. बरा आहे."

पुन्हा खरखर. मग तो म्हणाला, "किती वेळा सांगायला आलो. दर वेळी तुम्ही हातात काहीतरी द्यायचात. एकदा पाना, एकदा ब्रश."

"द्यायचे खरी."

"रागावलात?"

"रागवायला मी तुमची कोण?"

त्यानं जाळी खाली ठेवली. "असं बोलू नका."

"मग कसं बोलू ते सांगा."

त्यानं डोळे पुसले, तर गंजाची बोटं गालाला लागली. मी पदराऐवजी फडकं दिलं. तेलाचं होतं. त्यानं आणखी घाण झाली आणि आम्ही दोघंही जरा हसलो.

मला आनंद झाला असं मी त्याला सांगितलं. ते खोटं आहे. इथे तरी खरं लिहावं. ती गेल्यापासून मी असं धरून चालले होते की आम्ही दोघं एकाच दुःखात राहतो, जसे एकाच घरात राहतो. तो त्यातून केव्हा बाहेर पडला ते मला कळलंही नाही.

आणि आणखी एक. घासताना मनात आलं, उलट झालं असतं तर? तो गेला असता आणि भुंगा राहिली असती, तर? मीच तिच्यासाठी मुलगा बघितला असता. इतकं थांबलेही नसते. लोकांनी नाकं मुरडली असती तर लोकांना सुनावलं असतं. हे मनात आल्यावर पुढे काही मनात येऊ दिलं नाही, जाळी घासली. एक कडा जरा जास्तच घासली गेली.

बुधवार, २६ फेब्रुवारी

झाकणाला उष्णता सोसणारा काळा रंग दिला, दोन हात. रंग अजून माझ्या हातून ओघळत नाही.

रेडिओला बातमी लागली होतीच. "मी म्हटलं नव्हतं?" म्हणाली.

"म्हटलं होतंत."

"आता तुम्ही एकट्या."

"तुम्ही आहात की. कुंपण बुटकंच आहे."

एवढ्यावर ती गप्प बसेल असं वाटलं होतं. पण म्हणाली, "मुलगी असती तर—" आणि मग स्वतःच थांबली. तिला थांबता येतं हे मला माहीत नव्हतं.

रविवार, २ मार्च

शेगडी पेटली.

नवी नळी बसवून सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावलं, बुडबुडे नाहीत. सिलिंडर सोडला, बटण दाबलं, तिन्ही बर्नर निळे. जावयाच्या तोंडावर जे आलं ते बघून मी हिरवळीकडे बघायला लागले.

तिला मीच बोलवायला सांगितलं होतं. लहानखुरी आहे, जाड चष्म्याची. आल्याआल्या हात धुतले, कोपरापर्यंत. हे मला आवडलं.

"तुम्हाला काय म्हणू?" तिनं विचारलं.

"तोंडात येईल ते. शिवी सोडून."

"मग आईच म्हणते. सोपं आहे."

मला ते सोपं वाटलं नाही, पण चेहऱ्यावर दाखवलं नसावं.

मासे, भोपळी मिरच्या आणि कणसं आणली होती. जाळ्या जागेवर बसवल्या होत्या: दोन बाजूंना दोन करड्या, मधे काळी. जावयानं मासे बाजूच्या जाळ्यांवर मांडले. दोन्हींवर, गर्दी करून. मधली रिकामी.

"मधे जागा आहे की," मी म्हटलं.

"असू दे."

मासे चिकटले. उलटताना कातडी जाळीला राहिली आणि मांस हातात आलं. तिनं एकदा करड्या जाळीकडे पाहिलं, एकदा काळीकडे, मग त्याच्याकडे. ताटात चुरा घेऊन म्हणाली, "काटे आपोआप निघाले, बरं झालं." पुष्कळ खाल्लंही.

त्याला मधला बर्नर जरा जास्त तापतो असं वाटलं असेल. मी मुद्दाम तपासला. तिन्ही सारखे आहेत.

ती निघताना मी सांगितलं, "त्याला सकाळी उपाशीपोटी चहा देऊ नका. पित्त होतं." ती हो म्हणाली. घरात आल्यावर आठवलं की हे मला भुंगानं सांगितलं होतं, लग्नाच्या पहिल्या आठवड्यात.

सोमवार, १० मार्च

वरच्या खोल्यांतून दिवसभर खोकी ओढल्याचा आवाज. मी मदतीला गेले नाही. गुडघा दुखतो असं सांगितलं. गुडघा दुखत नाही.

संध्याकाळी त्यानं भुंगाच्या कपड्यांची पेटी खाली आणली. "ही तुमच्याकडे," म्हणाला. मी हो म्हटलं. पुस्तकं, फोटो, तिचा हातमागाचा शेला, सगळं एकेक करून खाली आलं. माझ्यासाठी इतकं मागे ठेवतोय. स्वतःसाठी काही ठेवत नाही. मी एक-दोनदा म्हटलंसुद्धा, "हे तुम्ही न्या." तो नुसती मान हलवतो.

शनिवार, १५ मार्च

टेम्पो सकाळीच आला. सामान फारसं नव्हतंच.

काळी जाळी मी एका जुन्या चादरीत गुंडाळून ठेवली होती. रात्री ठरवलं होतं. माझ्या हातून दोन गेल्या, उरलेल्या तिसरीवर माझा हक्क नाही. भुंगा गेल्यावर जाळी जपली ती त्यानं. टेम्पो भरत आला तेव्हा बोचकं नेऊन त्याच्या हातात दिलं.

"ही न्या."

वजनावरूनच त्याला कळलं. त्यानं उघडली नाही.

"तिकडे नको, आई."

"जागा नाही का?"

"जागा आहे."

"शेगडी नाही म्हणून म्हणत असाल तर घ्याल पुढेमागे."

"आई," तो म्हणाला. एवढंच. आणि बोचकं दोन्ही हातांनी धरून माझ्याकडे परत केलं, एखादं मूल द्यावं तसं, खालून आधार देऊन.

टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. जावयानं माझे हात धरले. बोचकं उचलताना घातलेले हातमोजे काढायला मी विसरले होते. म्हणाला, "रविवारी येत जाईन." मी म्हटलं, "जमेल तेव्हा या. बांधून घेऊ नका."

हे ऐकल्यावर त्याचे खांदे जरा खाली आले. ओझं उतरल्यावर येतात तसे. मी ते पाहिलं. पाहायला नको होतं.

आधी लिहिणार होते की जाळी त्यानं माझ्यासाठी मागे ठेवली. तसं नाही. ती जाळी बरोबर घेऊन त्याला पुढे जाता येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे, आणि तो चुकीचा नाही. मीच त्याला पाना आणि ब्रश देत राहिले नसते तर त्याला हे इतक्या वाईट रीतीनं सांगावं लागलं नसतं.

बोचकं कपाटात ठेवलं.

रविवार, १६ मार्च

रेडिओ आली. पायरीवर बसली. काही बोलली नाही. चहा पिऊन गेली.

रविवार, २३ मार्च

जावयाचा फोन आला. रंगारी यायचा आहे, आज जमणार नाही. मी म्हटलं, भिंतीला आधी नीट खरवडून घ्यायला सांगा. तो बरं म्हणाला. मागे ती कशावरून तरी हसत होती.

दुपारी कपाटातून जाळी काढली. चादर घडीत दमट राहिली असावी. एका कोपऱ्यावर नखाएवढा नारिंगी ठिपका.

मी बराच वेळ तो ठिपका घेऊन बसले होते. जपून ठेवली तर ती अशीच जाणार, एकेका कोपऱ्यानं. आणि वापरली तर तिच्या थरावर माझा चढणार. याला तिसरा मार्ग नाही. असता तर मला माहीत असता, माझं शिक्षण त्याचंच आहे.

ठिपका बोटाच्या टोकानं घासला, फक्त तेवढाच. अंगणात नेऊन मधे बसवली, बर्नर पेटवले. जाळी तापल्यावर फडक्यानं तेल फिरवलं. कांदा वापरला नाही, ती तिची पद्धत. तेल पातळ, इतकं पातळ की लावलंय असं वाटू नये. धूर आला, गेला. पुन्हा एक हात. आता त्यात तिचं कुठवर आणि माझं कुठून हे कुठल्याही प्रयोगशाळेला सांगता येणार नाही. बाजूच्या करड्या जाळ्यांनाही हात दिला. त्या जेमतेम तपकिरी झाल्या आहेत.

मग एका बटाट्याच्या चार चकत्या करून मधल्या जाळीवर ठेवल्या. थोड्या वेळानं उलटायला गेले तर उलथनं लावण्याआधीच सरकल्या. कुठेही धरलं नव्हतं. करड्या जाळीवरचा तो मासा आठवला.

मीठ आणायला आत गेले. ओट्याजवळ उभी राहिले आणि कशाला आले ते आठवेना. घरात कुठेच आवाज नव्हता, वर नाही, न्हाणीघरात नाही. मी वर बघत उभी होते. करपल्याचा वास आला तेव्हा बाहेर गेले.

चारही चकत्या एका बाजूनं काळ्या झाल्या होत्या. ताटात घेतल्या. मीठ आणलंच नव्हतं. तशाच खाल्ल्या, चारही.